तुलनेचा तारा

हेस्टर यांकीस पोस्टातून निवृत्त झाली
त्याच्या कितीतरी आधीपासून हा तारा तिच्याकडे आहे.
म्हणजे तिचा नव्हे. कुणाचाच नव्हे.
जूनमध्ये कारूच्या पठारावर
बादलीतल्या पाण्याची रात्रीत काच होते,
तेव्हा पवनचक्कीच्या मोडक्या पात्याच्या वर,
आपण ज्याला नरतुरंग म्हणतो
त्याच्या मागच्या खुराशी,
सहाव्या प्रतीचा.
प्रतीचा आकडा चढला की उजेड उतरतो,
हा हिशोब तिला पोस्टात कुणी शिकवला नव्हता.

रोखून पाहिलं तर तो नसतोच.
नजर जराशी बाजूला सरकवायची,
पंगतीत शेजारच्या ताटाकडे पाहतात तशी,
न पाहिल्यासारखी.
मग येतो. पण येताना रंग घरी ठेवून येतो.
राखेचा कण नुसता.
डोळ्याच्या कडेला रंग कळत नाहीत.

नारंगी पाहायचा तर दुर्बीण हवी,
आणि दुर्बिणीतही टक लावायची नाही:
तांबूस ताऱ्याकडे पाहत राहिलं
की तो उगाच तेजाळत जातो, लाडावलेल्या पोरासारखा.
म्हणून एकदा पाहा, मान वळव, पुन्हा एकदा.
छपरावर वाळत घातलेल्या जर्दाळूचा रंग.
पहिल्या दिवशीचा नव्हे, तिसऱ्या.

सूर्याहून थंड, सूर्याहून कितीतरी पट फुगलेला,
पोटातलं सरपण संपत आलेला म्हातारा.
त्याचा आजचा उजेड तिथून निघाला
तेव्हा या पठारावर तारेचं एकही कुंपण नव्हतं.
माणसं पाण्यामागे जात, आणि पाणी ढगांमागे.

खरं तर ती त्याला त्याच्यासाठी पाहतच नव्हती.
त्याच्या शेजारी एक लाल, रूपविकारी,
कधी चढणारा, कधी बुडणारा, सगळ्यांचा लाडका.
त्याला मोजायला हा. तराजूतलं वजन.
एकतीस हिवाळे ती अंधारात आकडा सांगे,
आणि तिचा भाऊ आब्राम
ओसरीवर घोंगडीत, लाल कागद गुंडाळलेल्या बॅटरीत
लिहून घेई. त्याचा सात एकसारखा दिसे,
त्यावरून दोघांचं किती वाजे.
शेवटची नऊ वर्षं तीच सांगते, तीच लिहिते.

मार्चमध्ये पत्र आलं.
केप टाउनहून, अदबीचं, टंकलिखित:
सदर तुलनातारा स्थिर नसल्याचे आढळले आहे.
फार हळू, फार थोडा, पण बदलतो.
नकाशातून वगळावा. जुन्या नोंदी तपासाव्यात.

मापट्यालाच भोक!
ती हसली आधी. मग खोकं काढलं.
वह्यांना मेंढीच्या चरबीचा आणि रॉकेलचा वास.

अकराव्या वहीत, जुलैच्या एका रात्री,
समासात आब्रामचं अक्षर:
आज नेहमीचा जरा मंद वाटतो. दोनदा पाहिला.
त्यावर पट्टी धरून मारलेली रेघ. तिची.
खाली तिनंच लिहिलेलं:
तुलनातारा बदलत नसतो. डोळे तपासून घे.

तो गेलाही होता डोळे तपासायला,
साठ मैल, दुधाच्या ट्रकमधून.
डॉक्टर म्हणाला होता, डोळे उत्तम आहेत.
हे त्यानं जेवताना सांगितलं होतं.
तिनं मीठ मागितलं होतं.

शाईची रेघ खोडता येत नाही.
हेस्टरनं टाक घेतला,
रेघेच्या शेजारी आजची तारीख घातली,
आणि आयुष्यभर पाकिटांवर मारलेला शब्द
पहिल्यांदा हातानं लिहिला: पोच.

रात्री बाहेर आली. थंडी अजून यायची होती.
दोन खुर्च्या, सवयीनं.
नजर बाजूला केली, आला.
आता याला मोजायला दुसरा कुणी शोधायला हवा,
स्थिर असा,
आणि त्याच्यावर नजर ठेवायला आणखी एक.